शाळेचा संगणक : आज्ञावली कशी बसवतात आणि कशी बदलतात



सातवीच्या खोलीत खिडकीजवळ लाल फडक्याखाली आपल्या शाळेचा संगणक ठेवलेला आहे. तो कशावर चालतो असे विचारले की चौथीची मुले एकदम ओरडतात, "लाइटीवर!" उत्तर चूक नाही, पण अर्धेच आहे. बैल आहेत, औत आहे, रानही तयार आहे, पण कासरा धरणारे कोणी नसेल तर तास पडत नाही. संगणकात कासरा धरणारी जी मूळ आज्ञावली असते तिला कार्यकारी प्रणाली म्हणतात. कळ दाबली की अक्षर पडद्यावर आणणे, फाइल कुठे ठेवली ते लक्षात ठेवणे, प्रिंटरला काम सांगणे ही सारी कामे तीच करते. चित्रे काढण्याची, लिहिण्याची, गाणी ऐकण्याची आज्ञावली तिच्यावर नंतर बसते.

आपल्या संगणकात २०२३ सालापर्यंत विकतची प्रणाली होती. आता मुक्त प्रणाली आहे. तिचे नाव झुबुंटू. नाव ऐकून सगळे हसतात, आम्हीही हसलो होतो. २०२५ साली दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही तिची जुनी आवृत्ती बदलून नवी केली. त्यात आम्ही एकदा चुकलो, दोनदा अडलो. ते सगळे इथे लिहिले आहे. लेख लांब झाला आहे. बाई म्हणाल्या, "एवढं उभं राहून कोण वाचील?" म्हणून कागद जरा खाली लावले आहेत, म्हणजे बसूनही वाचता येईल.

मुक्त म्हणजे काय?

आपल्याकडे येसर घरोघर करतात. हॉटेलवाला आमटी विकतो, पण त्यात काय घातले ते सांगत नाही. शेजारच्या काकू मात्र येसराची पूर्ण कृती सांगतात, शिवाय म्हणतात, "तुला तिखट लागत असंल तर मिरची वाढव, अन् पुढं कुणालाबी सांग." विकतची प्रणाली हॉटेलच्या आमटीसारखी आहे. मुक्त प्रणाली काकूंच्या येसरासारखी. तिची कृती, म्हणजे मूळ लिखाण, कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि दुसऱ्याला देता येते. ती बहुधा फुकट मिळते हे खरे, पण मुख्य गोष्ट फुकटपणाची नाही, कृती उघडी असण्याची आहे.

हे काम अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केले. त्यांच्या योजनेचे नाव ग्नू. पण तिला गाभा नव्हता. तो गाभा १९९१ साली फिनलंड देशातील लिनस टॉर्वाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिला. त्याला लिनक्स म्हणतात. पुढे १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयान मर्डॉक यांनी डेबियन नावाची प्रणाली जाहीर केली. स्वतःचे नाव इयान आणि मैत्रिणीचे नाव डेब्रा, दोन्ही जोडून डेबियन. १९९३ हे साल आम्हाला पाठ करावे लागले नाही. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, ते साल आपल्या भागात कोण विसरेल?

डेबियनवरून २००४ साली उबुंटू निघाली आणि आपली झुबुंटू ही तिचीच हलकी बहीण आहे. हलकी म्हणजे कमी प्रतीची नव्हे. जुन्या, कमी स्मृतीच्या यंत्रावर चालणारी. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनवरूनच बॉस नावाची प्रणाली केली. ती २००७ साली आली आणि तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषा आहेत. केरळमधील सरकारी शाळांत मुले मुक्त प्रणालीवरच संगणक शिकतात.

खैराटची शाळा

आपल्यासारख्याच एका शाळेची गोष्ट गुरुजींनी सांगितली. रायगड जिल्ह्यात, कर्जतच्या बाजूला, खैराट धनगरवाडा म्हणून लहान वस्ती आहे. तिथे जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, पहिली ते चौथी, वीसएक मुले आणि एकच शिक्षक. २००७ साली त्या मुलांना एकेक लहान संगणक मिळाला. तो हिरवा-पांढरा होता, वर सशासारखे दोन कान. ते कान म्हणजे बिनतारी संदेश पकडण्याच्या पट्ट्या. पडदा असा की उन्हातही वाचता यावा. आत लिनक्स होती आणि तिच्यावर मुलांसाठी केलेला शुगर नावाचा साज होता.

त्या यंत्रात सारे साठवायला एकच जीबी जागा असे. आजच्या साध्या फोनमध्ये तिच्या कितीतरी पट असते. म्हणून त्याची प्रणाली बदलण्याचे दोन मार्ग ठेवले होते, आणि त्यांतला फरक नीट समजून घ्या, कारण आमच्या गोष्टीत तोच पुढे येणार आहे. पहिला मार्ग असा : नवी प्रणाली पेनड्राइव्हवर घ्यायची, पडद्याशेजारच्या खेळाच्या चारही कळा एकदम दाबून धरायच्या आणि यंत्र चालू करायचे. काम थोड्या वेळात होई, पण मुलांनी काढलेली चित्रे, लिहिलेले, बोललेले सगळे पुसले जाई. दुसरा मार्ग सावकाश. जुन्या व नव्या प्रणालीत जेवढा फरक, तेवढाच आणायचा. मुलांचे काम जागेवर राहायचे, आणि नवे नीट चालले नाही तर एक कळ दाबून जुन्या प्रणालीवर परत जाता यायचे. पहिला मार्ग म्हणजे घर पाडून बांधणे, दुसरा म्हणजे राहत्या घराचे पत्रे बदलणे.

आपला संगणक भंगारात जाता जाता

२०२३ च्या पावसाळ्यात आपला संगणक चालू होईना. झालाच तर अर्धा तास नुसता फिरत बसायचा. तालुक्याच्या ठिकाणी एका दुरुस्तीवाल्याला दाखवला. तो म्हणाला, "गुरुजी, हे भंगारात द्या, नवीन घ्या." नवीन घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा माझा मामेभाऊ नांदेडला शिकायला होता. तो गौरी-गणपतीला गावी आला आणि येताना आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर झुबुंटू घेऊन आला.

पेनड्राइव्हवर प्रणाली घेणे म्हणजे फाइल उचलून ठेवणे नव्हे. आंतरजालावरून तिची एक मोठी फाइल उतरवून घेतात, तिला प्रतिमा म्हणतात. ती एका खास आज्ञावलीने पेनड्राइव्हवर उमटवावी लागते, तरच संगणक त्यावरून उठतो. उमटवण्यापूर्वी त्या फाइलीची बेरीज तपासायची. संगणक साऱ्या फाइलीवरून एक लांबलचक आकडा काढतो, आणि बनवणाऱ्यांनी जाहीर केलेल्या आकड्याशी तो तंतोतंत जुळला पाहिजे. एक अक्षर इकडेतिकडे झाले तरी आकडा पार बदलतो. दादा म्हणाला, हे न तपासणारे लोकच पुढे "लिनक्स बेकार आहे" म्हणतात.

मग संगणक चालू होतानाच एक कळ दाबायची. कोणाच्या यंत्राला एफ बारा, कोणाला एफ दोन, कोणाला डिलीट. त्यातून जी यादी येते तिच्यात पेनड्राइव्ह निवडायचा. इथे आम्हाला नवल वाटले. प्रणाली न बसवताच चालू झाली! पेनड्राइव्हवरूनच. याला बसवण्याआधी चालवून पाहणे म्हणतात. आवाज येतो का, पडदा नीट दिसतो का, हे आधी पाहता येते. बैल बाजारात घेताना चालवून पाहतात तसे.

सगळे नीट दिसले. दादाने बसवण्याचे चित्र दाबले. भाषा विचारली, कळफलक विचारला, गाव विचारले. मग प्रश्न आला : संपूर्ण डिस्क पुसून बसवायचे का? दादाचा हात माऊसवर होता. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "थांब. ओव्या आहेत त्यात."

ही गोष्ट लहान मुलांना ठाऊक नसेल. २०१९ साली तेव्हाच्या सातवीच्या मुलांनी गावातल्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या होत्या. गुरुजींच्या फोनवर चौदा ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि त्या संगणकात ठेवल्या. दुसरी प्रत नव्हती. तो फोन पुढे पाण्यात पडला. आणि त्या आज्यांपैकी दोघी आता नाहीत. एक माझ्याच आईची आजी होती. संगणक अर्धा तास नुसता फिरत बसायचा, म्हणून सगळ्यांना वाटत होते की त्यातले सारे गेलेच.

दादाने बसवणे सोडून दिले आणि पेनड्राइव्हवरच्या प्रणालीतून जुनी डिस्क उघडून पाहिली. उघडली! कासरा धरणारा आजारी होता, पण कोठारातले धान्य शाबूत होते. चौदाही फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतल्या, आणि गुरुजींनी त्यातल्या प्रत्येकीचा थोडा थोडा भाग वाजवून पाहिला. तेव्हा माय शाळेत मला न्यायला आली होती. ती दाराशीच थांबली.

मग डिस्क पुसली. तिचे दोन भाग केले, मधे धुरा घातल्यासारखे. एकात प्रणाली, दुसऱ्यात आपल्या फाइली. या दुसऱ्या भागाला होम म्हणतात. पुढे कधी प्रणाली नव्याने बसवायची झाली तर पहिलाच भाग नांगरायचा, धुऱ्यापलीकडे जायचे नाही. मात्र बसवताना कोणता भाग पुसायचा ते आपणच नीट सांगावे लागते, तिथे घाई करू नये. सगळे मिळून पाऊण तास लागला.

पॅकेज आणि त्याचा टॅग

लिनक्सवर नवी आज्ञावली बसवायची तर ती पॅकेजच्या रूपाने येते. पॅकेज म्हणजे बांधलेले गाठोडे. आत आज्ञावलीच्या फाइली आणि वर एक चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलेले असते : माझे नाव अमुक, आवृत्ती तमुक, आणि मला चालायला आणखी ही ही पॅकेजे लागतात. पुरणपोळी करायची तर नुसती कणीक पुरत नाही. पुरण पाहिजे. पुरणाला डाळ पाहिजे, गूळ पाहिजे. पूर्वी लिनक्स वापरणाऱ्याला हे सगळे स्वतः शोधत बसावे लागे. डेबियनच्या लोकांनी ॲप्ट नावाची आज्ञावली केली, ती १९९९ च्या आवृत्तीत आली. ॲप्टला नुसते पुरणपोळी म्हटले की डाळ, गूळ, वेलदोडे ती स्वतः गोळा करते.

ही गाठोडी कुठून येतात? एका मोठ्या भांडारातून. हवी ती आज्ञावली कुठल्याही अनोळखी ठिकाणाहून उतरवायची आणि चालवायची, ही पद्धत इथे धरत नाहीत. भांडारातल्या मालाच्या यादीवर बनवणाऱ्यांची सही असते. यादीत प्रत्येक गाठोड्याचा तो लांबलचक आकडा असतो. सही खोटी निघाली किंवा आकडा जुळला नाही तर ॲप्ट ते गाठोडे बसवत नाही. शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. सोयाबीनची पिशवी घेताना आपण प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग पाहतो. टॅग नसलेले स्वस्त बियाणे घेतले आणि उगवलेच नाही, असे आमच्या घरी एकदा झाले आहे. तेव्हापासून बाबा टॅग आणि पावती दोन्ही कपाटात ठेवतात.

अलीकडे स्नॅप आणि फ्लॅटपॅक या नावांची वेगळी गाठोडीही निघाली आहेत. ती आपल्याला लागणारे बरेच सामान बरोबर घेऊनच येतात, शिदोरी बांधून येणाऱ्या पाहुण्यासारखी. सोय आहे, पण जागा जास्त खातात. आपल्या जुन्या यंत्रावर आम्ही ती टाळली.

करून पाहायचे असेल तर गुरुजींना विचारून काळी खिडकी उघडा, तिला टर्मिनल म्हणतात. इंग्रजी अक्षरांत लिहा : सुडो ॲप्ट अपडेट. सुडो म्हणजे हेडमास्तरांच्या सहीने करायचे काम, म्हणून ते परवलीचा शब्द विचारते. तो लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही. आम्हाला वाटले कळफलक बिघडला! बिघडला नाही, शेजाऱ्याला शब्दाची लांबीसुद्धा कळू नये म्हणून तसे केले आहे. अपडेटने नुसती यादी ताजी होते, माल येत नाही. यात सगळे फसतात. माल आणायला पुढे सुडो ॲप्ट अपग्रेड लिहावे लागते. आणि एखादी नवी आज्ञावली हवी तर सुडो ॲप्ट इन्स्टॉल, आणि पुढे तिचे नाव. गणित आणि भूगोलाचे खेळ असलेली जीकॉम्प्री आम्ही अशीच बसवली. दुसरीची मुले तिच्यापुढून उठत नाहीत.

मोठा बदल

दर आठवड्याची अपग्रेड म्हणजे खुरपणी. आवृत्तीच बदलणे म्हणजे नव्याने नांगरट. आमच्या झुबुंटूची आवृत्ती २२.०४ होती. हा आकडा दशांश अपूर्णांक नाही बरं का! तो २०२२ साल आणि चौथा महिना आहे. या आवृत्तीला तीन वर्षे दुरुस्त्या मिळणार होत्या, ती मुदत एप्रिल २०२५ मध्ये संपली. मुदत संपली म्हणजे संगणक बंद पडत नाही, पण नवे भोक सापडले तर कोणी बुजवत नाही. म्हणून २४.०४ वर जायचे ठरले. २०.०४ वरून एकदम २४.०४ वर उडी मारता येत नाही, मधली पायरी घ्यावी लागते. आमची एकच पायरी होती.

आधी ओव्यांची प्रत पुन्हा पेनड्राइव्हवर घेतली. हे काम गुरुजींनी फळ्यावर पहिले म्हणून लिहून ठेवले होते.

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर सुरू केले. गुरुजींच्या फोनवरून जाळे जोडले. उतरवायचे सामान दीड जीबीहून जास्त, आणि गुरुजींच्या फोनला दिवसाला दीडच जीबी! हे आधी कोणी मोजले नाही, ही आमची चूक. थोडे राहिले आणि फोनचा वेग एकदम बसला. शेवटी पडद्यावर आले की बदल रद्द केला आहे, आतापर्यंत उतरवलेल्या फाइली ठेवल्या आहेत. जुनी प्रणाली जशीच्या तशी चालू. कारण ही आज्ञावली आधी सारे गाठोडे घरात आणते आणि मगच सोडायला बसते. लग्नाचा सगळा बाजार आल्याशिवाय चूल पेटवत नाहीत, तसे. सोमवारी उरलेलेच उतरले.

खरा घोर पुढे होता. गाठोडी सुटायला लागली, नव्या फाइली जुन्यांच्या जागी बसू लागल्या, आणि निम्म्यावर लाइट गेली. आपल्या संगणकाला बॅटरीचा आधार नाही. पडदा काळा झाला तेव्हा कोणी बोलेना. संध्याकाळी लाइट आली, यंत्र चालू केले, तर नेहमीचे चित्र येईना. नुसत्या पांढऱ्या अक्षरांच्या ओळी आणि खाली एक लुकलुकणारी रेघ. वर्गातला एकजण म्हणाला, "गेलं." मीही तेच समजलो.

दादाला फोन लावला. तो म्हणाला, "घाबरू नको. काही पुसून टाकू नका. डीपीकेजीला सगळं माहीत असतं." डीपीकेजी म्हणजे ॲप्टच्या हाताखाली प्रत्यक्ष गाठोडे सोडणारी आज्ञावली. ती एक वही ठेवते. कोणते पॅकेज सोडले, कोणते सोडून अर्धवट लावले, कोणते पूर्ण झाले, हे ती गुरुजींच्या हजेरीसारखे टिपत जाते. लाइट गेली तरी वही डिस्कवर असते. तिला फक्त सांगायचे की राहिलेले पूर्ण कर.

दुसऱ्या दिवशी एका पालकांनी घरचा इन्व्हर्टर गाडीवर आणून दिला. दादाने फोनवर सांगितले तसे चालू होताना शिफ्ट कळ धरली. ज्यांच्या नव्या यंत्रात शिफ्टने होत नाही त्यांनी एस्केप दाबावी. यादी आली. तिच्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग रिकव्हरी मोड, मग डीपीकेजी, म्हणजे मोडलेली पॅकेजे दुरुस्त करा. टर्मिनल मिळाले असते तर हेच काम सुडो डीपीकेजी, दोन आडव्या रेघा, कॉन्फिगर, जागा सोडून एक रेघ आणि ए, असे लिहून झाले असते. ओळी धावू लागल्या. पाऊण तासाने यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. निळे चित्र आले, उंदराच्या खुणेसह. झुबुंटूची खूण उंदीर आहे!

सगळे जागेवर होते. दोनच गोष्टी बिघडल्या होत्या. प्रिंटर पुन्हा ओळखवावा लागला, आणि मराठी लिहिण्याची सोय यादीतून गेली होती, ती आयबस नावाच्या आज्ञावलीत परत जोडली. मराठी अक्षरांसाठी लोहित हा मुक्त टंक वापरला आहे. तो मुळात पुण्यात तयार झाला आणि २००४ पासून सर्वांना मोकळा आहे. या लेखाचे मथळे त्याच टंकात छापून चिकटवले आहेत, बाकी अक्षर आमचे.

विकतच्या विंडोज दहा या आवृत्तीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तेव्हा गावात ज्यांच्याकडे जुने संगणक आहेत त्यांना असा प्रश्न पडला असेल. त्यांनी यंत्र भंगारवाल्याला देण्याआधी शाळेतला पेनड्राइव्ह एकदा लावून पाहावा. बसवायचे नाही, नुसते चालवून पाहायचे. यंत्र ६४ बिटांचे आहे का ते आधी बघावे, कारण ३२ बिटांच्या यंत्रावर झुबुंटूची नवी आवृत्ती बसत नाही. आणि येताना आपल्या फोटोंची प्रत वेगळी घेऊन ठेवावी.

ओव्यांच्या फाइली आता तीन ठिकाणी आहेत : संगणकात, गुरुजींच्या कपाटातल्या पेनड्राइव्हवर आणि आमच्या घरी. ज्या पालकांना ऐकायच्या असतील त्यांनी शनिवारी साडेअकरानंतर सातवीच्या खोलीत यावे. कानाला लावायचे यंत्र एकच आहे, त्यामुळे थोडे थांबावे लागेल.